तेलाचा डबा आणि सोळा आठवड्यांचा ताळा

मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी ४४ वर्षांची, उंची १५७ सेंटिमीटर. वीस वर्षं एका पतसंस्थेत कॅशला आहे. ऑगस्टमध्ये रक्तातल्या साखरेच्या तपासणीत एचबीए१सी ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, ‘मधुमेह नाही, पण उंबऱ्यावर आहात. वजन उतरवा.’ तेव्हा वजन ७२ किलो होतं. भाच्याने फोनवर कॅलरी मोजायचं अ‍ॅप घालून दिलं. वय, उंची, वजन भरलं, हालचाल ‘हलकी’ निवडली, कारण घरचं सगळं मीच करते. अ‍ॅप म्हणालं, तुमच्या रोज १८१५ कॅलरी खर्च होतात, १३०० खा, आठवड्याला अर्धा किलो उतरेल.

सोळा आठवडे झाले. एकही दिवस नोंद चुकवलेली नाही. पोळीची कणीकसुद्धा मोजून घेते, तीस ग्रॅम पिठाची एक. तेल दिवसाला तीन छोटे चमचे लिहिते. आमच्याकडे चौघांत पाच लिटरचा डबा चाळीस दिवस जातो, म्हणजे तेल कमीच म्हणायचं. हिशेबाने आठ किलो जायला हवे होते, गेले ३.१. त्यातले १.८ तर पहिल्या पंधरवड्यातच. गेले पाच आठवडे काटा जागचा हलत नाही. जाऊबाईंनी माझ्याबरोबरच सुरू केलं, त्यांचे सात किलो गेले. सासूबाई म्हणतात, ही रात्री उठून खात असेल.

मागच्या महिन्यात घरात बारसं होतं. पानात पुरणपोळी. मी हात धुवायचं निमित्त करून उठले आणि मोरीच्या दारामागे उभी राहून फोनमध्ये पुरणपोळी शोधली. एका ठिकाणी १८०, दुसऱ्या ठिकाणी ३४०. कुठली धरू कळेना, रडूच आलं. आणि परवा वरणभात वाढत होते तर तेरा वर्षांची लेक विचारते, ‘आई, यात किती?’

कॅलरी मोजून वजन उतरतं हे खरं की थोतांड? १३०० वरून १००० वर येऊ का? आणि ह्यांनी पाडव्याला हातातलं घड्याळ घेऊन दिलंय, जाळलेल्या कॅलरी सांगतं म्हणे. ते अजून खोक्यातच आहे. घालू का?

– हिशेबात पक्की, नाशिक

*

प्रिय हिशेबात पक्की,

तुमचं पत्र तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसले. इतक्या आकड्यांनिशी लिहिलेलं पत्र या सदराला क्वचित येतं. बहुतेक पत्रं ‘मॅडम, मी काहीच खात नाही हो’ इथे सुरू होतात आणि तिथेच संपतात.

आधी सासूबाईंचा विषय मिटवू. तुम्ही रात्री उठून खात नाही. तुमचे आकडेच तसं सांगतात. कॅशवाल्या बाईला सांगायला नको, पण तफावत निघाली की आधी कॅशियरवर संशय घ्यायचा नसतो, व्हाउचरं पुन्हा काढायची असतात. तीच काढू.

३.१ किलो उतरले, पण ती सगळी चरबी नव्हे. खाणं कमी झालं की यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजन, म्हणजे साखरेचा साठा, आधी वापरलं जातं. त्याच्या एकेका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, तेही निघून जातं. म्हणून कुठल्याही डाएटचा पहिला पंधरवडा चमत्कारासारखा वाटतो, आणि डाएट विकणारे नेमके त्याच पंधरवड्याचे किस्से ऐकवतात. तुमचा एक किलो पाण्याचा धरू. उरले २.१. किलोमागे ७७०० कॅलरी या प्रचलित दराने ते झाले सुमारे १६ हजार. त्याला ११२ दिवसांनी भागा. रोजची खरी तूट निघाली १४५ कॅलरींची. अ‍ॅपने लिहून दिली होती ५१५ ची. म्हणजे रोज ३७० कॅलरींची तफावत आहे.

पहिलं व्हाउचर: ‘हलकी’ हा शब्द. तुमचं अ‍ॅप बहुधा १९९० साली प्रसिद्ध झालेलं मिफ्लिन-सेंट जिऑर सूत्र वापरतं, कारण तुमचे आकडे त्यात बरोब्बर बसतात. वय, उंची, वजन घातलं की नुसतं पडून राहिलात तरी लागणारी ऊर्जा निघते, तुमची १३२०. मग तिला हालचालीच्या गुणकाने गुणायचं. ‘हलकी’ निवडली तर गुणक १.३७५, उत्तर १८१५. ‘बैठी’ निवडली तर १.२, उत्तर १५८४. एका शब्दापायी २३१ कॅलरी वाढल्या, आणि त्या तुमच्या पोटात किंवा पायांत नव्हत्या, फक्त पडद्यावर होत्या. तुम्ही दिवसाचे आठ तास काउंटरमागे बसता. घरकाम आहेच, आणि त्याला ‘बैठं’ म्हणायला माझीही जीभ रेटत नाही. ओट्याशी दोन तास उभं राहून कंबर मोडते, पण चालण्याच्या मानाने कॅलरी फार जळत नाहीत. अन्यायच आहे हा, पण आहे खरा.

दुसरं व्हाउचर तुम्ही स्वतःच पत्राला जोडलंय. पाच लिटरचा डबा, चौघं, चाळीस दिवस. लिटरभर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. पाच लिटरचे झाले ४५५० ग्रॅम. चौघांत, चाळीस दिवसांत वाटा. माणशी, दिवसाला २८ ग्रॅम. तुम्ही लिहिता तीन छोटे चमचे, म्हणजे तेरा-चौदा ग्रॅम. उरलेल्या पंधरा ग्रॅमांच्या, दर ग्रॅमला ९ प्रमाणे, १३५ कॅलरी. आता २३१ आणि १३५ यांची बेरीज करा. ३६६.

तफावत ३७० ची होती. हिशेब इतका नेटका जुळतोय म्हणून खरं तर मलाच त्याचा संशय येतो. तळणीचं थोडं तेल टाकलं गेलं असेल, थोडं यजमानांच्या पानात जास्त गेलं असेल, आणि दुसरीकडे एखादा चहा लिहायचा राहिला असेल. चार चुका एकमेकींना खोडतात आणि बेरीज देखणी दिसते. पण चोर कुठल्या खोलीत आहे ते कळलं, एवढ्यावर मी समाधानी आहे.

आणि पोळीचं पीठ मोजणाऱ्या बाईच्या नजरेतून तेल निसटलं याचं वाईट वाटून घेऊ नका. मागे एकदा मी तेलाची किटली काट्यावर ठेवली, रोजच्यासारखी भेंडीच्या भाजीला फोडणी घातली, आणि किटली पुन्हा काट्यावर ठेवली. माझ्या डोक्यात दोन छोटे चमचे होते. किटली ३१ ग्रॅमनी हलकी झाली होती. भाजी तिघांची होती हे खरं, पण त्या कढईत पावणेतीनशे कॅलरी निव्वळ तेलाच्या होत्या. पंचवीस वर्षं मी लोकांना तेल मोजायला सांगत आलेय. हात मोजत नाही, हाताला सवय असते. घडीच्या पोळीत घडीला लावलेलं, तव्यावर कडेने सोडलेलं, पीठ मळताना घातलेलं तेल कोण लिहितं?

असं होणाऱ्या आपणच नव्हे. न्यूयॉर्कमधला एक अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. ‘आम्ही बाराशेसुद्धा खात नाही तरी वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्या दहा जणांना विशेष खुणेचे अणू असलेलं पाणी प्यायला देऊन त्यांच्या शरीराचा खरा खर्च मोजला. चयापचय अगदी ठीक निघाला. खाल्लेलं मात्र त्यांनी सरासरी ४७ टक्के कमी लिहिलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. लबाडीने नव्हे, त्यांना मनापासून तसंच वाटत होतं. पुढे अमेरिकेतच आहारतज्ज्ञ बायकांचीही अशीच परीक्षा झाली. त्यांच्या नोंदीतही दिवसाला सरासरी सव्वादोनशे कॅलरी गळल्या होत्या. इतर बायकांच्या सव्वाचारशे. म्हणजे पदवीने गळती निम्म्यावर येते, थांबत नाही. हे मी स्वतःच्या जबाबदारीवर छापतेय.

आता तुमचा मोठा प्रश्न, खरं की थोतांड.

खर्चापेक्षा कमी खाल्लं तर वजन उतरतं, यात थोतांड काही नाही. माणसांना प्रयोगशाळेत ठेवून, घास अन् घास मोजून हे पुन्हा पुन्हा पाहिलेलं आहे. थोतांड आहे ते पुढचं वाक्य: ‘रोज पाचशे कमी खा, आठवड्याला अर्धा किलो जाईलच.’ हे वाक्य आलं १९५८ च्या एका हिशेबातून. मॅक्स विश्नोफ्स्की नावाच्या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी काढलं की एक पौंड वजन म्हणजे ३५०० कॅलरी. आकडा तसा बरा आहे. मीही वर त्याचंच किलोतलं रूप वापरलं, पण झाल्या गोष्टीचा, थोड्या आठवड्यांचा हिशेब मांडायला. लोकांनी त्याचं पुढचं भविष्य सांगणारं पंचांग करून टाकलं.

ते कुठे नेतं बघा. समजा तुम्ही रोज १०० कॅलरी कमी खाल्ल्या, म्हणजे अर्धा कप गोड चहा आणि दोन मारी बिस्किटं सोडली. वर्षाला ३६,५०० कॅलरी, म्हणजे पावणेपाच किलो. दहा वर्षांत ४७ किलो. आणि साधारण पंधरा वर्षांत ७१ किलो. ७२ किलोची कॅशियर दोन मारी बिस्किटांपायी काउंटरमागून अदृश्य होणार. असं होत नाही, कारण तुम्ही उतरता तसा तुमचा खर्चही उतरतो. लहान शरीर चालवायला कमी ऊर्जा लागते, शिवाय शरीर थोडी काटकसरही करतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हे सगळं धरून नवा ठोकताळा मांडला. रोजच्या खाण्यात कायमची २४ कॅलरींची घट म्हणजे शेवटी एक किलो. त्यातला अर्धा उतरायला जवळजवळ वर्ष लागतं आणि बहुतेक सगळा उतरायला तीन वर्षं. त्या हिशेबाने दोन बिस्किटांचे आणि चहाचे मिळून चार किलो, तेही तीन वर्षांत, आणि मग गाडी थांबते. ऐकायला निराशेचं आहे, पण अ‍ॅपने दाखवलेल्या आठ किलोंपेक्षा मला हे बरं वाटतं. यात फसवणूक नाही.

तुमच्याच भाषेत सांगायचं तर अ‍ॅप सांगतं ते अंदाजपत्रक. ताळेबंद वजनकाटा देतो. तुम्ही सोळा आठवडे अंदाजपत्रक खरं मानून ताळेबंदाला दोष दिलात.

केविन हॉल आणि मंडळींचं आणखी एक काम आहे, २०१६ चं, आणि मला ते सगळ्यांत मोलाचं वाटतं. उतरलेल्या दर किलोमागे रोजचा खर्च वीस-तीस कॅलरींनी घटतो, पण भूक रोज सुमारे शंभर कॅलरींनी वाढते. म्हणजे ‘चयापचय मंदावला’ म्हणून आपण ज्याला बोल लावतो त्याच्या तिप्पट-चौपट जोर भुकेचा असतो. पहिल्या महिन्यात सहज सुटणारी संध्याकाळची मूठभर शेव चौथ्या महिन्यात सुटत नाही, याचं कारण इच्छाशक्तीचा ऱ्हास वगैरे नाही.

यातच तुमच्या हजाराचं उत्तर आलं. नको. १००० वर येऊ नका. भूक आणखी वाढेल, स्नायू झिजतील, लोह आणि प्रथिनं एवढ्याशा खाण्यात बसवणं कठीण, आणि मोरीच्या दारामागची वेळ आठवड्यातून दोनदा यायला लागेल. तुमची अडचण १३०० हा आकडा मोठा असण्याची नाहीच. पोटात १३०० जात नव्हत्या, १४३० च्या आसपास जात होत्या.

पाच आठवडे थांबलेल्या काट्याबद्दल. रोजच्या १४५ च्या तुटीने पाच आठवड्यांत जेमतेम साडेसहाशे ग्रॅम उतरतात. पाळीच्या आधीचं पाणी, लग्नातलं जेवण, ताटातलं लोणचं-पापड, एवढ्याने काटा एक-दीड किलो इकडेतिकडे होतो. तुमची उतरंड त्या लाटांखाली बुडालेली असू शकते. तुमचं वय पाहता पाळीही मागेपुढे व्हायला लागली असेल. थायरॉइडची तपासणी केली नसेल तर एकदा करून घ्या. दोष बहुधा तिथे नसेल, पण तेवढं व्हाउचर बघायचं राहायला नको.

जाऊबाई. त्यांचं सुरुवातीचं वजन तुम्ही लिहिलं नाही आणि मी विचारणारही नाही. १९९० मध्ये कॅनडातल्या क्वेबेकमध्ये क्लोद बुशार यांनी एकसारख्या जुळ्यांच्या बारा जोड्या घेतल्या. उलटा प्रयोग होता, जास्त खाऊ घालण्याचा. आठवड्यातले सहा दिवस रोज हजार कॅलरी जास्त, ८४ दिवस. सरासरी आठ किलो वाढले, पण कुणाचे ४.३ तर कुणाचे १३.३. हजारच्या हजारच कॅलरी, फरक तिपटीचा. आणि गंमत म्हणजे एका जोडीतल्या दोघांचे आकडे एकमेकांच्या जवळ. तुम्ही आणि जाऊबाई एका घरात आलात, एका गर्भाशयातून नाही. मग स्टॅनफर्डच्या २०१८ च्या अभ्यासात सहाशेवर लोकांना दोन प्रकारच्या आहारांवर वर्षभर ठेवलं, कॅलरी मोजायला सांगितलंच नाही. भाज्या, साधं घरचं अन्न, मैदा-साखर कमी, एवढंच. दोन्ही गटांत सरासरी पाच-सहा किलो गेले. पण त्याच आहारावर कुणाचे तीस किलोच्या आसपास उतरले आणि कुणाचे आठ-दहा किलो चक्क वाढले. जाऊबाईंचे सात म्हणजे तुमच्या मेहनतीचं मोजमाप नव्हे.

पुरणपोळी १८० की ३४०? दोन्ही. कुणाची तळहाताएवढी असते, कुणाची परातीतून बाहेर डोकावणारी, वर तुपाची धार. आणि पोळी तीच असली तरी कॅलरीचा आकडा हा सरासरीचा मामला आहे. ग्रॅममागे कर्बोदकं ४, स्निग्ध ९, प्रथिनं ४ हे दर विल्बर अ‍ॅटवॉटर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने सव्वाशे वर्षांपूर्वी ठरवले, तेच आजही लेबलवर चालतात. पण आतडं लेबल वाचत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये बदाम तपासले. २८ ग्रॅमांच्या १७० कॅलरी छापलेल्या असतात, शरीराला मिळाल्या १२९. अख्ख्या बदामातली चरबी पेशींच्या भिंतींत अडकून तशीच बाहेर पडते. तोच बदाम वाटून लोणी केलं की छापील कॅलरी जवळजवळ पूर्ण मिळतात. काय खाल्लं याबरोबर ते कुटलं, वाटलं, भाजलं की चावून खाल्लं हेही मोजावं लागेल, आणि ते कुठलं अ‍ॅप मोजणार? त्या दिवशी मोरीत तुम्ही जो बरोबर आकडा शोधत होता तो जगात कुठे नव्हताच हो.

घड्याळ घाला, वेळ बघायला. पावलं बघायला चालेल. कॅलरी नको. स्टॅनफर्डमध्येच २०१७ साली मनगटावरची सात यंत्रं तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले. कॅलरीत सगळ्यांत चांगल्या यंत्राची चूक सरासरी २७ टक्के, सगळ्यांत वाईटाची ९३ टक्के. पिट्सबर्गच्या चमूने २०१६ मध्ये तर दोन वर्षांचा अभ्यास छापला. डाएट आणि व्यायाम दोन्ही गटांना सारखा, एका गटाला वर यंत्र. यंत्रवाल्यांचे ३.५ किलो गेले, बिनयंत्रवाल्यांचे ५.९. कारण त्यांनी ठामपणे सांगितलेलं नाही, पण मी माझ्याकडे येणाऱ्यांत एक गोष्ट रोज पाहते. घड्याळ म्हणतं ‘२६० जाळल्या’, आणि माणूस चिक्कीचा डबा उघडतो. तुमच्या वजनाच्या बाईला पाऊण तास रपेटीचे, नुसतं बसून जळले असते ते वजा केल्यावर, सव्वाशेच्या आसपास मिळतात. चिक्कीचा एक बरा तुकडा तेवढ्याचाच.

आता लेकीबद्दल. पत्राच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदातलं हे वाक्य तुम्ही घाईत लिहिलंय, पण मला झोप लागू न देणारं तेच आहे.

तेरा वर्षांच्या मुलीला, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशींप्रमाणे, दिवसाला २४०० च्या घरात कॅलरी लागतात. तुमच्या १३०० च्या जवळजवळ दुप्पट. तिची हाडं भरताहेत, पाळी सुरू झाली असेल किंवा होईल. या वयात ताटाला आकडे चिकटले की ते निघता निघत नाहीत. मी माझ्या खुर्चीत बसून सोळा वर्षांच्या मुलींना द्राक्षं मोजताना पाहिलंय, आणि त्यांतल्या दोघींच्या आया माझ्याकडे आधी स्वतःचं वजन उतरवायला आल्या होत्या. तेव्हा आजपासून जेवणाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत. काटा ओट्यावरून कपाटात. ‘हे पाप आहे’, ‘आज मी वाईट वागले’ असं खाण्याबद्दल तिच्यासमोर बोलायचं नाही, आरशासमोर उभं राहून पोट चिमटीत धरायचं नाही. आणि ती पुन्हा ‘यात किती?’ म्हणाली तर आकडा सांगू नका, ‘कमी आहे, घे’ असंही म्हणू नका, कारण तोही हिशेबच झाला. लिंबू पुढे करा. तरीही ती ताटातलं टाकू लागली, जेवणं चुकवू लागली, तर मुलांच्या डॉक्टरांकडे न्यायला उशीर करू नका.

मग तुम्ही काय करायचं?

अ‍ॅपचं काम झालंय. सोळा आठवडे लिहून तुम्हाला तीस ग्रॅमची पोळी डोळ्यांनी ओळखता येते, ही कमाई कायमची. नोंद ठेवणाऱ्यांचं वजन न ठेवणाऱ्यांपेक्षा जास्त उतरतं हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, म्हणून मोजण्याला मी नावं ठेवणार नाही. पण ती शिकवणी होती, आयुष्यभराची नोकरी नव्हे. आता मोजायचं असेल तर तीनच गोष्टी: तेल-तूप, दाण्याचं कूट आणि ओलं-सुकं खोबरं, आणि चहातली साखर. मराठी स्वयंपाकघरातली गळती बहुतेक याच तीन भोकांतून होते. चतुर्थीची एक बशी साबुदाणा खिचडी घ्या: ६० ग्रॅम साबुदाण्याचे २१०, दोन मोठे चमचे कूट ११०, चमचाभर तूप ९०, बटाटा वेगळा. उपास झाला चारशेचा, आणि आपण म्हणतो सकाळपासून पोटात काही नाही.

तेल चमच्याने मोजूच नका. डब्याने मोजा. तुमचा डबा चाळीस दिवस जातो, तो पंचावन्न दिवस गेला की माणशी रोजचं तेल २८ वरून २१ ग्रॅमच्या आत येतं. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जे नमुना ताट दिलंय त्यात दोन हजार कॅलरींना २७ ग्रॅम तेल-तूप आहे. तुमचं ताट त्याहून लहान, तेव्हा २१ वाजवी. लेकीच्या वरणभातावर तूप वेगळं घाला, तिच्यासाठी ही काटकसर नाही.

दोन्ही जेवणांत वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण, दही, चालत असेल तर अंडं. प्रथिनं पचवायलाच त्यांच्या कॅलरींतल्या वीस-तीस टक्के खर्च होतात. शिवाय भूक धरून ठेवतात, आणि वर सांगितलं तसं खरी लढाई भुकेशी आहे. संध्याकाळी पतसंस्थेतून येताना दोन थांबे आधी उतरून चाला. या सगळ्याने तूट तीनशेच्या घरात जाईल. महिन्याला किलोभर उतरेल, पुढे पुढे त्याहून कमी. वजन आठवड्यातून तीन सकाळी करा, सरासरी काढा, आणि ती फक्त मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडून पाहा. रोजची कॅश रोज जुळवायची सवय इथे मोडावी लागेल.

आणि काट्याशेजारी टेप ठेवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये एका ब्रिटिश सहकाऱ्याबरोबर स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी एकच, २२.३. ब्रिटिश डॉक्टरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. दिसायला सडसडीत आणि आतून चरबी, हा आपला भारतीय घाट. म्हणून कमरेचा घेर मोजा, बायकांना ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची मर्यादा.

डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं ते साखरेसाठी. पत्रभर वजन आहे, एचबीए१सी एकदाच. पुन्हा केलंत का? ते साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, म्हणजे आता तपासायची वेळ झालीच आहे. चेन्नईच्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात, २००६ मध्ये, तुमच्यासारख्याच उंबऱ्यावरच्या ५३१ लोकांपैकी ज्यांनी चालणं आणि आहार सुधारला, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं. त्यांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं. अमेरिकेतल्या अशाच मोठ्या अभ्यासात तर उतरलेल्या दर किलोमागे धोका १६ टक्क्यांनी घटलेला दिसला. तुमचे ३.१ किलो अ‍ॅपच्या खात्यात तोट्यात दिसतात. रक्ताच्या खात्यात कसे दिसतात ते आधी बघा, आणि तो कागद मला पाठवा.

हो, आणि नवा डबा उघडाल तेव्हा त्यावर मार्करने तारीख घाला. ‘चाळीस दिवस’ हे तुम्ही आठवणीवर लिहिलेलं दिसतंय. काउंटरवर असं व्हाउचर तुम्ही पास केलं नसतं.